वळणावरचा काळ्या

लोकांचं एक बरं असतं, त्यांना देव पटकन सापडतो. मावशीचा एकुलता एक मुलगा कुत्र्याला वाचवायला गेला, वळणावर मोटारसायकल घसरली, आणि तो जागीच गेला. वर्षाच्या आत मावशीने त्याच्याच गॅरेजात भटक्या जनावरांसाठी फुकटचा दवाखाना काढला. झालं! "देवमाणूस आहे हो!" म्हणत जो तो हात जोडायला लागला.

मावशीला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. मुलगा गेला तेव्हाही तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्याचे पाने-पक्कड टांगायच्या खिळ्यांवर तिने पट्टे टांगले, तेलकट फरशीवर पिंजरे मांडले, आणि येईल त्या कुत्र्याचे आधी पाय बघितले. त्या दिवशीचा कुत्रा कसा होता, ते वळणावरच्या दुकानदाराने सांगितलं होतं: काळा, पुढचा डावा पाय पांढरा. तिला तोच हवा होता. सापडल्यावर काय करणार म्हणाल, तर ते तिलाही ठाऊक नव्हतं.

एक दिवस दवाखान्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने त्याला वळणावरूनच उचलून आणलं. मांडीला जखम, जखमेत किडे. मावशी बघत राहिली. ह्याच्यासाठी? ह्या मरतुकड्यासाठी? राग येईना, रडू येईना. तिने मुकाट्याने जखम धुतली.

दवाखान्यात जनावरं तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा नियम कडक होता. जनावर बरं झालं की जिथून उचललं तिथेच सोडायचं, तेही लवकर. उशीर झाला की त्याची जागा दुसरे बळकावतात.

जखम भरली. ड्रायव्हर रोज विचारी, "मावशी, काळ्याला नेऊ?"

"राहू दे रे, खोकतोय अजून."

खोकतोय कुठला! चांगला टुणटुणीत होता. पण शेवटच्या क्षणी लेकाची नजर ह्याच्यावर होती. हा गेला की काय उरलं?

शेवटी डॉक्टरीणबाई चिडल्या. "मावशी, तुमची माया त्याच्या मुळावर येतेय."

"माया?" मावशी म्हणाली. "बरं. मीच सोडते."

अपघातानंतर ती त्या वळणावर फिरकली नव्हती. गाडी थांबली, पिंजरा उघडला. काळ्या शेपूट हलवत दुकानाच्या पायरीकडे धावला. पायरीवर दोन दांडगे कुत्रे बसले होते. ते अंगावर आले तसा तो शेपूट घालून मागे सरला आणि थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला. समोरून एक मोटारसायकल भरधाव येत होती.

"अरे मेल्या!" मावशी ओरडली. एवढा आवाज तिच्यात आहे हे ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. "किती वेळा सांगितलं रस्त्यात लक्ष ठेव म्हणून! आईचं ऐकायला काय होतं रे तुला?"

दोन्ही हात पसरून ती रस्त्यात उभी राहिली. मोटारसायकल तिच्यापुढे करकचून थांबली. पोरगा पांढराफटक पडला होता.

"हळू जा रे बाबा," ती त्याला म्हणाली. "घरी जा."

मग काळ्याला उचलून ती त्या दोन दांडग्यांच्या मधे पायरीवर बसली आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, ढसाढसा रडली.

बऱ्याच वेळाने ड्रायव्हर जवळ आला. "मावशी, निघायचं?"

"थांब जरा," ती नाक पुसत म्हणाली. "ह्याला जागा मिळू दे."