समोरच्या घरी जायची बस

त्या सकाळी गाडी सुरू व्हायचं नावच घेईना. सुनेला सुट्टी टाकणंही शक्य नव्हतं. रस्ते खात्यात ती इंजिनीयर होती आणि आज बैठकीत कौतुक व्हायचं होतं ते तिचंच. घरासमोरचा मोठा चौक तिनेच नव्याने आखला होता. रुंद रस्ता, मधल्या दुभाजकावर फुलांच्या कुंड्या, कडेने चकचकीत कठडे. चौक झाल्यापासून तिथे एकाही म्हाताऱ्या माणसाला साधा धक्कासुद्धा लागला नव्हता. बाकीचे चौकही आता असेच करायचे, असं साहेबांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

तर ती दारासमोरच्या थांब्यावर, सुटत आलेल्या बसमध्ये धावत सगळ्यांच्या शेवटी चढली, आणि दांडी धरून जागच्या जागी थिजली. मागच्या बाकावर, मांडीवर डबा सांभाळत, सासूबाई बसल्या होत्या.

"आई? तुम्ही इथे कशा?"

सासूबाईंची धाकटी बहीण चौकाच्या पलीकडे राहायची. इकडच्या खिडकीतून तिची खिडकी दिसायची. ती अंथरुणाला खिळल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नसे. म्हणून सासूबाई रोज भरवायला जात. देवाचं झालं की डबा भरायचा आणि निघायचं, हा नेम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. परतायला मात्र दुपार व्हायची. बहिणीबहिणी गप्पा मारत असतील, असं सून धरून चालली होती.

"मावशींकडे निघाला होतात ना?"

"तिकडेच चाललेय."

"अहो, पण मावशींचं घर मागे राहिलं की!"

शेजारी बसलेले निवृत्त मास्तर गालातल्या गालात हसले. "नवीन दिसतात या."

"माझी सून आहे हो," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"असं होय? मग ऐका, बाई. ही बस शेवटच्या थांब्यावरून वळते आणि येताना चौकाच्या पलीकडल्या अंगाला थांबते. तिथे उतरलं की पोचलो. रस्त्यात पाय घालायलाच नको."

सुनेने बसभर नजर फिरवली. काठ्या, पिशव्या, पांढरी डोकी. कुणी दवाखान्यात निघालेलं, कुणी नातवाला शाळेतून आणायला.

"तुम्ही सगळे... रस्ता ओलांडायला बसमध्ये बसता?"

"नाही तर काय, हवा खायला?" पुढच्या बाकावरची बाई मान वळवून म्हणाली. "मी केस रंगवायला चाललेय. पार्लर समोरच आहे, पण पोचेपर्यंत मुळं परत पांढरी होतात!"

बस खदखदून हसली. सुनेच्या मात्र आत्ता लक्षात आलं. चौकात कुणाला धक्का लागला नव्हता, कारण म्हातारी माणसं चौकात पायच ठेवत नव्हती. आणि त्याचंच आज कौतुक होणार होतं.

"आई, मला बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? तुझा पेपरात फोटो आला, तो मीच सगळ्या शेजारणींना दाखवत फिरले. मग कुठल्या तोंडाने सांगू, की मला तुझा चौक ओलांडवत नाही म्हणून?"

तेवढ्यात कंडक्टर तिकिटं फाडत आला. "आजी, लक्षात आहे ना? सोमवारपासून ही बस पुलावरून जाणार. इकडे फिरकायची नाही."

हसणं बंद झालं. सासूबाईंनी डबा पोटाशी धरला. "देव काढेल काहीतरी वाट," त्या पुटपुटल्या.

कचेरीचा थांबा आला आणि गेला. सून उठली नाही. ती शेवटपर्यंत गेली, वळून आली, सासूबाईंबरोबर उतरली. मावशींनी मोठ्या बहिणीच्या हातून लहान मुलासारखे घास घेतले, ते तिने दारात उभं राहून पाहिलं.

"आई, आता परत चालत जाऊ. माझा हात धरा."

सासूबाईंचा चेहरा पडला, पण त्यांनी हात धरला.

हिरवा दिवा लागला. दोघी निघाल्या. सासूबाई त्यांच्या चालीने चालत होत्या, मुळीच रेंगाळत नव्हत्या. तरी दुभाजकाशी पोचतात न पोचतात तोच दिवा लाल झाला. अगदी अंगाजवळून ट्रक गेला. टेकायला जागा नाही. जिथे पाऊल ठेवावं तिथे कुंडी. हा चौक सुनेने कागदावर पाहिला होता, गाडीच्या काचेतून पाहिला होता. इथे उभी ती पहिल्यांदाच राहत होती. तिने सासूबाईंचा हात घट्ट आवळला.

"घाबरू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "हात सोडू नकोस माझा."

फोन वाजला. साहेब होते. "अहो, कुठे आहात? सगळे खोळंबलेत!"

"चौकात, साहेब. मध्येच अडकलेय."

"गाडी बंद पडली का?"

"गाडीत नाही, पायी आहे. सासूबाई आहेत बरोबर. बैठक इथेच घेऊ. सगळ्यांना घेऊन या, आणि या बाजूने त्या बाजूला चालत जाऊन दाखवा. हिरव्या दिव्याची वेळ सोमवारच्या आत वाढली पाहिजे. आणि कुंड्या उचलायला माणसं पाठवा."

तिने फोन खांद्याशी दाबून धरला आणि पायाने एक कुंडी रेटत बाजूला सारली.

"अगं, कळ्या आल्यात तिला," सासूबाई कळवळल्या.

"असू देत. तुम्ही आधी टेका."