हरणाबाईचं राहिलेलं बारसं

मी लाँच बोलतेय, कोयनेच्या धरणातली. सध्या बामणोलीच्या काठावर मला ओंडक्यांवर चढवून ठेवलंय. पाण्याबाहेर फार उघडं उघडं वाटतं. माणसं येतात, वाकून माझा तळ बघतात आणि कुठं कुठं कुजलंय ते एकमेकांना दाखवतात. असं कुणाच्या तोंडावर बोलू नये, एवढं तरी कळायला हवं.

चौसष्ट साली रत्नागिरीकडच्या सुतारांनी मला बांधलं आणि ट्रकवर घालून घाट चढवून इथं आणलं. समुद्र बघायचा राहिला, याचा राग मी बरीच वर्षं धरला होता. इथल्या पाण्याखाली गावं आहेत. घरं, विहिरी, देवळं, सगळं जागच्या जागी. वर प्रवासी शेंगा खात बसतात आणि टरफलं स्वतःच्याच गावावर टाकतात. मला खालचं ऐकू येतं. हेळवाडीवरून जाताना एक तान्हं मूल रडायचं. इंजिन कितीही खडखडलं तरी ते रडणं मला ऐकू यायचं आणि भीती वाटायची.

हेळवाडीची माणसं आता कवठे महांकाळकडच्या माळावर राहतात. दर वैशाखात ती मेढ्यावरून एसटीनं इथं येतात. मला चालवणारा कोंडीबा मधल्या पाण्यात इंजिन बंद करतो, "हितं देऊळ" म्हणतो, आणि बायका देवीची ओटी पाण्यात सोडतात.

खरं सांगते, सहा वर्षं तो भलत्याच जागी थांबत होता. डोंगरावरचा एक आंबा आणि त्यामागची कपार एका रेषेत आली की खाली देऊळ, ही त्याची खूण. तो आंबा कुणीतरी तोडला. खूण गेली हे सांगायची कोंडीबाला लाज वाटली. त्या वर्षी तो अंदाजानं थांबला, बायकांनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले, आणि मग त्याला तोंड उघडायची सोय राहिली नाही.

यंदा, शहात्तर साली, माझ्या दुरुस्तीची तारीख ठरली. जुन्या फळ्या काढायच्या, नव्या घालायच्या, इंजिनही नवं. त्याआधीची ही शेवटची फेरी. पाणी कधी नव्हे इतकं उतरलं होतं.

ओट्या सोडून झाल्या आणि हरणाबाई उठल्या. सत्तरीला आलेल्या, हातात तान्ह्या मुलाची कुंची.

"कोंडीबा, देवळामागं माजं घर. परड्यात हिरडा हाय. तितं ने मला."

"आवं मावशी, सगळं पाणीच हाय. हितंच सोडा की."

"सोडायचं न्हाई. नाव ठेवायचंय. माजी लेक नवव्या दिवशी गेली, बारसं झालंच न्हाई. हिरड्याच्या बुडाला पुरलीया. आत्यानं कानात नाव सांगायचं, तर आत्याबी गेली औंदा माघात. आता मीच सांगनार. फुडल्या साली मी आसंन का न्हाई, कुनाला ठावं."

कोंडीबानं सुकाणूवरचा हात काढला. "मावशी, मला जागा ठावं न्हाई. देवळाचीबी न्हाई. आंबा तोडला तवापासनं खोटंच सांगतोय तुमास्नी."

एका बाईनं ओटीचं रिकामं ताट छातीशी धरलं. हरणाबाई एवढंच म्हणाल्या, "मग आता हुडीक."

इंजिन सुरू झालं. रडणं डावीकडून येत होतं, म्हणून मी तिकडं ओढ घेतली. कोंडीबा सुकाणू उजवीकडं दाबत होता. मग त्याचा हात सैल पडला, का ते त्यालाच ठाऊक. थोडं गेल्यावर पाण्यातून वीतभर वर आलेला काळा शेंडा दिसला.

"त्योच," हरणाबाई म्हणाल्या. "दोन फाट्यांचा."

"तळ कुजलाय मावशी, फांदी घुसंल."

फांदी घुसणार हे मलाही कळत होतं. तरी मी गेले. खाली काहीतरी करकरलं आणि माझ्या फळीत शिरलं. फार दुखलं. हरणाबाईंनी ओणवं होऊन शेंड्यावर कुंची घातली, त्याला ओठ लावले आणि नाव सांगितलं. रडणं थांबलं.

मागं फिरताना झाड मोडलं. शेंडा कुंचीसकट बुडाला. डब्यांनी पाणी उपसत आम्ही कसेबसे काठाला लागलो. ती जागा आता कुणालाच सापडायची नाही.

मला वाटलं, सुटले. पण परवा भरदुपारी, काठावर कुणी नसताना, पुन्हा ऐकू आलं. रडणं नव्हतं. निजलेल्या तान्ह्याचा श्वास होता. माझ्याच तळातून येत होता, हिरड्याचा तुकडा अडकलाय तिथून.

उद्या आकाराम सुतार येणार. निघालेलं कुजकं लाकूड तो चुलीत घालतो, त्यावर सगळ्यांचा चहा होतो. बाबा आकाराम, माझ्या सगळ्या फळ्या जाळ, माझी तक्रार नाही. तेवढा हिरड्याचा तुकडा मात्र पाण्यात नेऊन सोड. आणि काढताना हातोडा मारू नकोस, हळू काढ. तिला आत्ता कुठं झोप लागलीय.