तर्री बंद करा

सावंगीत माझं पोह्याचं हॉटेल आहे. यंदा हौसेनं बिलाचा कॉम्प्युटर बसवला. महिना संपल्यावर त्यानं सल्ला दिला: तर्रीची विक्री शून्य, बंद करा. मी ऐकलं आणि सकाळी पोह्यांवर ओतायचा हा झणझणीत रस्सा केलाच नाही.

रोज येणाऱ्या जिजाबाई कोरडे पोहे पाहून भडकल्या. "काऊन वं सरिता, तर्री कुठी हाय?"

"कॉम्प्युटर म्हणते, कोणी घेतच नाई."

"मी तं रोज दोनदा मागून घेतो!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तर्री आपण फुकट वाढतो, तिचं बिल होणार कुठून? मग तिचीही नोंद सुरू केली, शून्य रुपयांची.

काल नवा सल्ला आला: तर्रीला सर्वांत जास्त मागणी, भाव लावा.

"गप बैस," मी कॉम्प्युटरला म्हटलं आणि जिजाबाईंच्या पोह्यांवर आणखी एक पळी ओतली.