मी फुंकणी नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. मोटारीच्या स्टेअरिंगची. हे आधीच सांगून टाकते, कारण बारा वर्षं ज्याने पाहिलं त्याने मला फुंकणीच म्हटलं, आणि मला ते मुकाट ऐकून घ्यावं लागलं.

१९२४ साली एका परदेशी कारखान्यात माझा जन्म झाला. लांबी सव्वा हात. कारागिराने माझ्या तोंडात पितळी कडं बसवलं, बाजूला हॉर्नची तार जायला एक भोक पाडलं आणि दुसऱ्या टोकावर २१७ हा आकडा ठोकला. तोच आकडा स्टेअरिंगच्या खालच्या पेटीवरही होता. चाकापासून निघालेला दांडा माझ्या पोटातून जाऊन त्या पेटीत उतरायचा. तो डुलू नये म्हणून मी त्याला धरून ठेवायची. एवढं माझं काम, पण ते दुसऱ्या कुठल्या नळीला जमायचं नाही.

आमची मोटार भाटघरला धरण बांधणाऱ्या एका साहेबाकडे आली. साहेब रोज चाक पुसून घ्यायचे. चाकाखाली मी होते, पण माझ्यावरून कधी फडकं फिरलं नाही. धरण झालं, साहेब गेले, आणि मोटार भोरमध्ये भाड्याने फिरू लागली. चालवायला चिमाजी.

चिमाजीविषयी मी जपून बोलणार होते, पण राहवत नाही. १९३३ च्या चैत्रात तो वऱ्हाड घेऊन पासलीला निघाला होता. चाक जड फिरतंय म्हणून त्याने गावाखाली मोटार थांबवली, स्टेअरिंग खोललं आणि सगळे भाग घोंगड्यावर मांडून रॉकेलने धुतले. इकडे मुहूर्त जवळ आलेला, वऱ्हाडी डोक्यावर बसलेले. त्याने घाईघाईने सगळं जोडलं. मी तशीच घोंगड्यावर.

"चिमाजी, ही येक उरली की," नवरदेवाचा मामा म्हणाला.

चिमाजीने डोकं खाजवलं. मोटार चार हात पुढे नेऊन पाहिली. "चालली का न्हाई? मंग ती नकोच व्हती." एवढं बोलून त्याने मला भाताच्या खाचरात भिरकावलं. कारखान्यातल्या लोकांनी मला काय शोभेला बसवलं होतं? हॉर्नची तार बाहेर लोंबत होती, तीसुद्धा त्या शहाण्याला दिसली नाही.

आषाढात भात लावताना सगुणाबाईच्या पायाला मी लागले. तिने मला धुतलं, तोंडाला लावून फुंकलं आणि म्हणाली, "वारा बेस जातोय." झालं. मी थेट चुलीपाशी.

तिथे माझा आकडा काजळीत बुडाला. बाजूच्या भोकातून वारा निसटायचा, म्हणून सगुणाबाई त्यावर अंगठा दाबून धरायची. रोज पहाटे तोच अंगठा, तोच धूर. एकदा तिचा नवरा गेनबा मला घेऊन खुंटी ठोकायला निघाला, तर ती त्याच्यावर अशी काही कडाडली की त्याने पुन्हा मला हात लावला नाही. तरी मी तिला मनातल्या मनात नावं ठेवायची. मोटारीत बसणारी मी, आणि ही माझ्याकडून शेणकुटं पेटवून घेते!

पुढचं मला नंतर कळलं. मोटार भोरच्या नूरुद्दीनने विकत घेतली होती. माझ्या जागी त्याने बांबू घातला, बोकडाचं कातडं गुंडाळलं, चिंध्या कोंबल्या. चाक डुलायचं ते डुलायचंच. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मोटार उभी राहिली. १९४५ साली त्याने ती पुन्हा बाहेर काढली, तेव्हा तपासणीच्या साहेबांनी चाक हलवून विचारलं, "हे चाक आहे की पाळणा? पंधरा दिवसांत अस्सल नळी बसवा. नाहीतर ही मोटार रस्त्यावर येणार नाही." नूरुद्दीनला दुसरा धंदा येत नव्हता आणि घरात खाणारी सात माणसं होती. कंपनीने तर तसले भाग बनवणंच सोडलेलं.

हुडकत हुडकत तो वेल्ह्याला म्हाताऱ्या चिमाजीकडे पोचला. चिमाजीने सगळं बिनदिक्कत सांगितलं. "ती उरली व्हती रं. पासलीच्या खाचरात टाकली."

"काका, उरलं म्हंजे नको असतंय व्हय?" नूरुद्दीन कपाळाला हात लावून म्हणाला.

तेराव्या दिवशी तो पासलीत आला. दांड्याच्या जाडीची एक लाकडी खुंटी त्याने तासून आणली होती. नळी पाहिजे म्हटल्यावर गावाने काय काय आणावं! हुक्क्याची नळी, ठासणीच्या बंदुकीची नळी, कुणी तर बाजेचा पाय. आणि गेनबा, ज्याच्या घरात मी पडले होते, तो छत्रीची काडी घेऊन गेला. मला वाचा असती तर त्या दिवशी सगळा गाव ऐकत राहिला असता.

दुपारी दमून नूरुद्दीन गेनबाच्या ओसरीवर चहाला टेकला. दार उघडं होतं. सगुणाबाई चूल फुंकत होती.

"मावशी," तो एकदम म्हणाला, "त्यो अंगठा कशाला दाबलाय?"

"भोक हाय हितं. वारा बाजूनं जातोय."

तो चप्पल न काढताच आत आला. माझ्या तोंडातल्या कड्यात खुंटी घातली. ना सैल, ना घट्ट. चिंच आणि राख लावून त्याने माझं टोक घासलं, तसा २१७ वर आला. पेटीवरचाच आकडा! नूरुद्दीनने तो बोटाने दोनदा चाचपला. त्याचे डोळे भरले होते.

"मावशी, खाचरात ऱ्हायली असती तर गंजून माती झाली असती. तुमी रोज हातात धरली म्हून वाचली."

मित्रांनो, बारा वर्षांत पहिल्यांदा मला कुणावर चिडावं ते सुचेना.

"घिऊन जा," सगुणाबाई म्हणाली. "पर म्या चूल कशानं फुकू?"

पंधराव्या दिवशी साहेबांनी चाक दोन्ही हातांनी हलवलं. ते डुललं नाही. साहेबांनी सही केली. चाकाचं कौतुक झालं, माझं नाव कुणी काढलं नाही. ते चालायचंच.

त्याच आठवड्यात नूरुद्दीन नवी फुंकणी घेऊन पासलीला आला आणि सगुणाबाईला मोटारीत पुढे बसवलं. तिने चाकाकडे पाहिलंच नाही. तिचा अंगठा बरोबर माझ्या भोकावर आला.

"आता हितनं तार जाती," नूरुद्दीन म्हणाला.

"बरं हाय." तिने पदराचं टोक घेतलं आणि मला वरपासून खालपर्यंत पुसलं.

मित्रांनो, काही खोलून पुन्हा जोडलंत आणि एखादा तुकडा उरला, तर तो भिरकावू नका. जोडलेलं पुन्हा खोला. तेवढी सवड नसेल, तर तो सगुणाबाईंसारख्या कुणाच्या तरी हातात द्या. त्या त्याला भलतंच नाव देतील, पण सांभाळतील.