खोट्या नवसाचं जेवण

नवस खोटा असला तरी त्याचं जेवण खरंच रांधावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो नवस टाकव्याच्या ओसरीवर जन्माला आला. टाकवे म्हणजे माझं सासर. हे, म्हणजे माझे यजमान गंगाधर, तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात, आणि मी लोणावळ्याला पाचवीचा वर्ग शिकवते. राहतो लोणावळ्यात, पण सण, जत्रा, कार्य काहीही असलं की टाकव्याला जायचं. तिथे यांचे थोरले भाऊ विठ्ठल शेती बघतात. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो. आपल्या दारातून कुणी उपाशी गेलेलं दादांना खपत नाही, आणि पुरुषमाणूस असेल तर कोरडा गेलेलाही खपत नाही.

यांचं वजन इतकं वाढलं होतं की शेवटी शेवटी बुटाची नाडी मी बांधायचे. साखर होती, रक्तदाब होता, झोपेत श्वास अडकायचा. पुढचा श्वास येतो का, हे ऐकत मी पडून राहायचे आणि सकाळी पाचवीच्या पोरांसमोर जांभया द्यायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सांगितलं. ते झालं, चांगलं झालं. पण यांची एक अट होती, कुणाला कळता कामा नये. "खाण्यावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं म्हणतील." मी म्हटलं, म्हणू देत. तर नाही. गावाला कळवलं की पित्ताचे खडे काढले.

घरी सोडताना आहार बघणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. घास किती चावायचा, पाणी कधी प्यायचं, सगळं सांगून झालं. शेवटी दारूचं निघालं, तेही यांनीच विचारलं म्हणून. पहिलं वर्ष थेंब नाही, त्या म्हणाल्या. पुढेही न घेतलेली उत्तम. घेतलीच तर क्वचित, अगदी थोडी, उपाशीपोटी नाही, आणि त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही. "पूर्वी दोन ग्लासांनी जे व्हायचं ते आता अर्ध्यातच होईल. पटकन चढेल आणि उतरायला वेळ लावेल. आणि अजून एक. तुमचा जीव खाण्यात रमायचा. आता तिथे जागा उरली नाही. काहीजणांचा तो बाटलीत जाऊन बसतो. दुसऱ्या वर्षी जास्त सांभाळा."

यांनी मान हलवली. मान हलवायला यांना कधीच कष्ट पडत नाहीत.

मग गावची जत्रा आली. रात्री ओसरीवर भावकी बसली होती, आणि दादांनी स्वतः भरून ग्लास यांच्यापुढे धरला. थोरल्या भावाने जत्रेला दिलेला ग्लास नको म्हणणं म्हणजे आमच्याकडे वाटणी मागण्यासारखंच आहे. मी पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होते. हे एकदा ग्लासाकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

"न्हाई जमायचं, दादा," हे म्हणाले. "नवस बोललोय."

"कशाचा?"

"एकवीरेला बोललोय. आसूचं लग्न ठरंस्तोवर शिवायची न्हाई."

आसू म्हणजे आमची एकुलती एक आसावरी. दादांनी लगेच ग्लास मागे घेतला. देवीचं नाव निघाल्यावर विषयच संपला.

आणि खरं सांगते, पुढचं वर्ष सोन्यासारखं गेलं. कुठल्याही हळदीला, बारशाला कुणी यांच्यापुढे ग्लास केला की दादा लांबून ओरडायचे, "त्याला देऊ नका रं, त्याचा नवस हाय!" वजन उतरलं तसं गावात बोललं जाऊ लागलं की गंगाधर पोरीच्या काळजीने वाळला. यांना ते ऐकायला आवडायचं. पोट कापलेल्या माणसापेक्षा काळजीने वाळलेला बाप बरा दिसतो. मी आपली वाटीभर डाळ, चमचाभर भात, अंड्याचा पांढरा भाग, असं मोजकं शिजवायचे आणि उरलेलं स्वतः खाऊन जाड होत होते.

वर्ष उलटलं आणि आसावरीला स्थळं येऊ लागली. एक मुलगा यांना फार उंच वाटला. दुसऱ्याच्या घरी चपला नीट लावलेल्या नव्हत्या. तिसऱ्याची पत्रिका जुळली तर म्हणाले, इतकी जुळलेली पत्रिका बरी नसते. मी समजले, बापाचा जीव आहे, पोरीला सोडवत नाही. मग आसावरीनेच एके दिवशी संदेशला घरी आणलं. कामशेतचा मुलगा, तिच्याच ऑफिसातला, नीटनेटका, चहाचा कप स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवणारा. तो गेल्यावर हे म्हणाले, "मुलगा फार हळू बोलतो."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी मेथी निवडत होते, ती तशीच टाकली. "अहो, हळू बोलतो म्हणून नकार? तुम्हाला जावई हवाय की भालदार चोपदार?"

यांनी ती मेथी गोळा करून परत माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "लग्न ठरलं की नवस संपला, शालन. मग दादाला काय सांगू?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसावं की रडावं ते समजेना. "म्हणजे दारूला दार लावायला तुम्ही पोरीचं लग्न आडवं घातलंत?"

"तसं नाही."

"मग कसं? नको म्हणायचं दादांना. वर्षभर थांबलात, आता तुम्हाला काय अवघड आहे?"

तेव्हा यांनी सांगितलं. ऑपरेशनला वर्ष झाल्यावर कारखान्यातल्या कुणाच्या तरी निरोपाची पार्टी लोणावळ्याच्या एका हॉटेलात होती. वर्ष पाळून झालं, आता काय, म्हणून यांनी अर्धा ग्लास बिअर घेतली. दुपारपासून पोटात काही नव्हतं. थोड्याच वेळात यांना समोरच्याचं बोलणं समजेना, पाय लटपटायला लागले आणि अंगाला दरदरून घाम फुटला. दोघांनी धरून गाडीत घातलं आणि घराच्या कोपऱ्यावर आणून सोडलं. स्कूटर हॉटेलातच राहिली. मला सांगितलं होतं की पंक्चर झाली आणि उन्हाने गरगरलं. मी लिंबूपाणी करून दिलं होतं, मूर्ख मी.

"मेला असता की हो," मी म्हटलं.

"त्याची भीती नाही वाटत." हे खाली बघत होते. "त्याआधी जे वाटलं ना, पहिल्या दोन घोटांना, त्याची वाटते. इतकं बरं मला कशानेच वाटलं नव्हतं. जिलेबीनेही नाही. दुसऱ्या दिवशी दात घासताना पहिला विचार तोच आला. अजून येतो. रोज येतो, शालन."

मी परत मेथी निवडायला घेतली. राग होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. या माणसाचा श्वास मोजत मी किती जागले, आता याचे विचारही मोजायचे का? थकायला झालं मला. तरी म्हटलं, "लग्न ठरवा. दादांना खरं सांगा." यांनी मान हलवली.

लग्न ठरलं, सुपारी फुटली, आसावरी खुश झाली. हे दर रविवारी म्हणायचे, पुढच्या रविवारी जाऊन दादाला सांगतो. शेवटी दादांचाच फोन आला. "नवस फेडायचा हाय न्हवं? बोकड बगून ठिवलाय. तू फकस्त ये."

सकाळी आम्ही कार्ल्याला जाऊन एकवीरेच्या पायऱ्या चढलो. पूर्वी हे दर वळणावर बसायचे, आता माझ्या पुढे चढून वर वाट बघत उभे. देवीपुढे ओटी भरताना माझा हात आखडला. न बोललेला नवस फेडतोय, आई, सांभाळून घे, एवढंच म्हटलं. तिला काय माहीत नाही?

टाकव्याला परतून मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, सावित्राबाई, चुलीला बसलो. मटण शिजेपर्यंत डोळ्यांतून धूर आणि पाणी एकत्रच वाहत होतं. दुपारी ओसरीवर पंगत मांडायच्या आधी दादांनी बाटली काढली. भावकीतले तिघंचौघं होते. दादांनी पहिला ग्लास भरला आणि यांच्या हातापाशी ठेवला.

"लय दिस पाळलास, गंगा. माज्याच्यानं झालं नसतं," दादा म्हणाले. "आज सुटलास. घे."

सगळे बघत होते. यांनी हात मागे घेतला.

"दादा, मी आता दुसरा बोललोय. नातवाचं तोंड बगंस्तोवर..."

ओसरीवर एकच हशा पिकला. "आसू, आता तुज्यावर आलं गं बाय!" कुणीतरी ओरडलं. "वरसाच्या आत बापाला सोडव!"

आसावरी पत्रावळी घेऊन उभी होती. तिला ऑपरेशनचं माहीत होतं, तिने दवाखान्यात रात्री काढल्या होत्या. तिने बापाकडे असं बघितलं की मला उभं राहवेना. एक खोटं तिच्या लग्नाला बांधून झालं होतं, आता दुसरं तिच्या पोटाला बांधायला निघाले होते.

"नवस नाही, दादा," मी म्हणाले. "हाही नाही आणि पहिलाही नव्हता. यांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, वजनाचं. पोट कापून लहान केलंय. डॉक्टरांनी दारूपासून जपायला सांगितलंय."

दादा यांच्याकडे बघत राहिले. "पोट कापलं? आन् मला पित्ताचं खडं सांगितलंस?"

"लाज वाटली, दादा."

"माजी?"

यांनी मान खाली घातली. दादांना ते लागलं, चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं आता चिडतील, ग्लास उचलून भिरकावतील. तसं झालं असतं तर बरं, निदान विषय संपला असता. पण दादांनी मोठा सुस्कारा सोडला आणि ग्लास यांच्याकडे आणखी थोडा सरकवला.

"बरं. झालं गेलं. आता टाकं सुकलं न्हवं? मंग घे येवढीशी."

"व्हय, थोडीनं काय हुतंय?"

"पानी जास्त घाल, बाधत न्हाई."

"माज्या मेव्हन्याला डॉक्टरनंच सांगितली हुती, औशध म्हनून."

देवीचं नाव होतं तोवर यातल्या एकाचीही टाप नव्हती. डॉक्टरचं नाव निघालं आणि सगळेच डॉक्टर झाले. खरं बोलून मी यांना उघड्यावर आणलं होतं. माझ्याकडे आणखी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि यांचा हात ग्लासाकडे गेलेला मला दिसला. बोटं काचेला लागली. हे ग्लासाकडे बघत होते, आणि त्या बघण्यात आम्ही कुणीच नव्हतो.

मग यांनी ग्लास दोन बोटांनी दादांच्या दिशेला सरकवला.

"पोटाचं सोड, दादा," हे म्हणाले. "मला ती आवडती. लय आवडती. मी मदी एकदा घेतली, आन् तवापासून रोज तीच डोक्यात हाय. आता घेतली तर मला थांबता येणार न्हाई. मला भ्या वाटतंय."

असलं वाक्य त्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. सासरे पिऊन पिऊन गेले, तरी घरात सगळे म्हणायचे की आबांना कावीळ झाली होती. भावकीतल्या एकाने हसायला तोंड उघडलं, पण दादांकडे बघून मिटलं. आसावरी पत्रावळी खाली ठेवून बापाशेजारी जाऊन बसली.

दादांनी तो ग्लास स्वतःकडे ओढला. मग कुणाकडेही न बघता, पोराने मास्तरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मी घेतली तर चालंल न्हवं?"

धाकट्या भावाने थोरल्याला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं.

"आज नको, दादा," हे म्हणाले. "माज्यासमोर नको."

दादांनी भरलेली दारू परत बाटलीत ओतली. थोडी बाहेर सांडली. बूच लावलं आणि म्हणाले, "वाढा गं."

आम्ही पंगत वाढली. दादा यांच्या शेजारीच बसले होते. मी रस्सा घेऊन त्यांच्यापुढे वाकले तेव्हा दिसलं की त्यांना भाकरी मोडता येत नव्हती. दोन्ही हात थरथरत होते. इतकी वर्षं मी समजत होते की दादांचे हात प्याल्यावर थरथरतात. आज तर त्यांनी थेंबही घेतला नव्हता. मी वर बघितलं, तर सावित्राबाई दारातून माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना ते किती वर्षं माहीत होतं कोण जाणे.

मी रश्शाचं पातेलं खाली ठेवलं, दादांच्या पुढ्यात बसले आणि त्यांची भाकरी कुस्करून दिली.