चढावरची पंचवीस मिनिटं

चढाच्या माथ्यावर त्या सकाळी इतकी गर्दी होती की मागची माणसं टाचा उंच करून बघत होती. मधोमध एक लाल, छोटी, जुनी गाडी बंद पडून उभी. तिचं बॉनेट उघडं, आणि आत वाकून, डाव्या कोपऱ्यात ओलं फडकं दाबून धरून, गाडीबाबा डोळे मिटून पुटपुटत होते.

"मागच्या मालकाचा जीव अडकलाय हिच्यात," बाबा म्हणाले. "माणूस जातो, पण त्याचा हात स्टिअरिंगवरून सुटत नाही. तो तिकडून ब्रेक दाबतोय, मी इकडून सोडवतोय. इंजिन म्हणजे काय? हृदय! पेट्रोल म्हणजे काय? रक्त! आणि क्लच म्हणजे काय?"

"काय, बाबा?" कुणीतरी भाबडेपणाने विचारलं.

"क्लच म्हणजे संयम!"

गर्दीने माना डोलावल्या. बाबांनी हात वर केला, चालकाच्या जागेवर बसलेल्या तरुणीने किल्ली फिरवली, गाडी खाकरली, शिंकली आणि सुरू झाली. एकच जल्लोष झाला. मागच्या सीटवर रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या घड्याळजींनी खिडकीतूनच हात जोडले.

पुढच्या सीटवर सुनेशेजारी बसलेल्या सिस्टरांनी मात्र मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं. परवाही पंचवीसच.

सिस्टरांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण त्यांना अजून सगळे सिस्टरच म्हणत. घड्याळजी त्यांचे व्याही, सुनेचे वडील. आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि उतारवयात मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा चढापलीकडच्या हॉस्पिटलात रक्त शुद्ध करायच्या यंत्राला जोडून घ्यायचं. टॅक्सीचं भाडं परवडेना, सिस्टरांचा मुलगा कामानिमित्त परगावी, म्हणून सुनेने ही वापरलेली गाडी घेतली. हत्ती घेणं सोपं, पोसणं कठीण, हे तिला महिन्याभरात कळलं. आधी बॅटरी गेली, मग दोन टायर, मग क्लचप्लेट. ते सगळं निस्तरलं, तर ही नवी खोड निघाली: चढ चढून झाला की माथ्यावर गाडी बसायची. आणि नेमके तिथेच गाडीबाबा बसायचे.

बाबांची आज्ञा कडक होती. एकेचाळीस दिवस मिस्त्रीचा पाना गाडीला लागता कामा नये, नाहीतर अडकलेला जीव चवताळेल.

त्या दिवशीही उशीर झाला. यंत्रावरची पाळी ठरलेली असते, पुढचा रोगी दारात उभा असतो. अर्धा तास कमी करून घड्याळजींना उठवलं. डॉक्टरीणबाई सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिसऱ्यांदा झालं हे. आणखी एकदा असं झालं तर भरती करावं लागेल. छातीत पाणी साठायला वेळ लागत नाही."

घरी आल्यावर सिस्टरांनी घड्याळजींच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला, पण खळगा तसाच राहिला.

"आजच्या आज मिस्त्रीकडे गाडी जाईल," त्या म्हणाल्या.

"मिस्त्रीचा हात लागला तर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही, विहीणबाई. डोळ्यांनी बघितलंय मी. बाबांनी हात वर केला आणि गाडी सुरू."

"मीही बघितलंय. अशी गाडी नव्हे, असा ताप."

सिस्टर नव्या नोकरीला लागल्या तेव्हाची गोष्ट. वॉर्डात एका बाईला हुडहुडी भरून ताप चढायचा आणि चार तासांनी घाम फुटून उतरायचा. तिच्या सासूने एक मांत्रिक आणला. तो बेरकी, ताप चढून तीन तास झाल्यावरच यायचा. मंत्र म्हणायचा, ताप उतरायचा, सासू धन्य व्हायची. म्हाताऱ्या मुख्य परिचारिकेने तरुण सिस्टरांच्या हाती एक तक्ता दिला आणि म्हणाली, "वाद घालू नकोस. वेळा लिही." मांत्रिक आला नाही त्या दिवशीही ताप घड्याळ लावल्यासारखा उतरला. मग बाईला मलेरियाचं औषध मिळालं.

सिस्टरांनी तसाच तक्ता आखला. त्या संध्याकाळी गाडी दारातच चालू ठेवून उभी केली. "वेळ तुम्ही बघा," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "घड्याळ तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

स्तुतीने खुललेले घड्याळजी खुर्ची टाकून अंगणात बसले. अडतीस मिनिटांनी गाडी आचका देऊन बंद पडली. कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी हात वर केला नाही. सून मधूनमधून किल्ली फिरवून बघत होती. चोविसाव्या मिनिटाला गाडी सुरू झाली.

"बघा!" सिस्टर म्हणाल्या.

"बाबांची कृपा लांबूनही पोचते," घड्याळजी म्हणाले, पण जरा हळू आवाजात.

"दुकानात एखादं बंद घड्याळ झटका दिल्यावर चालू झालं, की गिऱ्हाइकाला काय सांगायचात तुम्ही?"

उत्तर सुनेनेच दिलं. "घड्याळ कारणाशिवाय थांबत नाही आणि कारणाशिवाय चालत नाही. लहानपणापासून ऐकत आलेय मी हे."

डायलिसिसच्या दिवशी सिस्टरांनी थर्मासमध्ये बर्फ भरला आणि रबराची जुनी बर्फाची पिशवी सोबत घेतली. गाडी माथ्यावर ठरल्याप्रमाणे बसली. बाबा फडकं पिळत पुढे आले.

"आज तुम्ही जरा विश्रांती घ्या," सिस्टर म्हणाल्या आणि सुनेकडून बॉनेट उघडवून घेतलं.

"लोखंड लावाल तर पस्तावाल, माई!"

"रबर आहे हो. आत नुसता बर्फ."

बाबा ज्या कोपऱ्यात फडकं धरत, तिथे मुठीएवढा एक काळा डबा होता. सिस्टरांनी पिशवी नेमकी त्यावर ठेवली. घड्याळजी खिडकीतून मान बाहेर काढून मिनिटं मोजू लागले. पाचव्या मिनिटाला सुनेने किल्ली फिरवली. गाडी सुरू!

मग एक टॅक्सीवाला पुढे धावला. "बाबांना पंचवीस मिनिटं लागतात, माईंना पाच! दैवी हात आहे! माई, माझ्या गाडीवर एकदा हात ठेवा!" त्याच्यामागे आणखी दोघेतिघे किल्ल्या पुढे करू लागले.

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे, आगीतून उठून फुफाट्यात काय पडताय! हात माझा नाही, बर्फ आहे. तो डबा तापला की ठिणगी पडत नाही, निवला की पडते. पंचवीस मिनिटांत तो आपोआपही निवतो; बाबा नुसतं ओलं फडकं धरतात आणि तेवढा वेळ तुम्हाला क्लचचा अर्थ सांगत बसवतात."

"आणि मागच्या मालकाचा जीव?" कुणीतरी घाबरत विचारलं.

गाडीच्या कप्प्यात सापडलेल्या जुन्या पावतीवर एक नंबर होता. सिस्टरांनी फोन लावून आवाज मोठा केला.

"लाल गाडी? हो, माझीच होती," पलीकडून खरखरीत आवाज आला. "तापली की बसायची. कंटाळून विकली. का हो?"

"तुमचा जीव तिच्यात अडकलाय म्हणतात."

"माझा? माझा जीव सध्या माझ्या गुडघ्यात अडकलाय, बाई!"

गर्दी खदखदून हसली. हसणं थांबेपर्यंत बाबांची सतरंजी गुंडाळून झाली होती. "श्रद्धा नाही तिथे आपण थांबत नाही," असं म्हणून ते उतारावरून चालू लागले.

घड्याळजी त्या दिवशी वेळेवर पोचले आणि पुरे चार तास यंत्रावर राहिले. तोवर खालच्या गॅरेजात मिस्त्रीने तो डबा, म्हणजे कॉइल, पाऊण तासात बदलला. फडक्याची हकीकत ऐकून तो म्हणाला, "तो होय? सहा वर्षं माझ्याकडेच होता. हुशार कारागीर. पण हात काळे करायचा कंटाळा. जुन्या गाड्या कुठे तापतात हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून तर चढाच्या माथ्यावर बसला. सपाटीवर बसता तर उपाशी मेला असता."

परत येताना गाडी माथ्यावरून न थांबता गेली. बाबांच्या जागेवर तोच टॅक्सीवाला उभा होता. सिस्टरांनी गाडी थांबवायला लावली आणि आखलेला एक कोरा तक्ता त्याच्या हातात दिला.

"कधी बंद पडते, कधी सुरू होते, तेवढं तीन दिवस लिही आणि मिस्त्रीकडे जा. बिघाड गाडीचा असो की देहाचा, त्याला कारण असतं. ते सापडेपर्यंत कुणापुढे हात जोडू नकोस. माझ्यापुढेही."

"बरं, माई," म्हणत त्याने सवयीने हात जोडले आणि ओशाळून खाली घेतले.

घरी पोचल्यावर घड्याळजींनी आपणहून पाय पुढे केला. "दाबा, विहीणबाई. मी वेळ लावतो."

सिस्टरांनी घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा हळूहळू भरून आला.

"तेरा सेकंद," घड्याळजी म्हणाले. "लिहा तक्त्यात."