अवसेला घातलेले टाके

मित्रांनो, सुई म्हटलं की तुम्हाला शर्टाचं बटण लावायची ती इवलीशी सुई आठवते. तिला नेढं असतं, त्यात दोरा ओवतात. मला नेढं नाही. मी चांगली दीड वीत लांब आहे, अ‍ॅल्युमिनियमची. एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला चपटी टोपी आणि त्या टोपीवर कोरलेला दहा हा आकडा. मी लोकर विणायची सुई आहे. मला एक जुळी बहीण आहे. आमच्यातली एक जरी हरवली तरी उरलेलीला कुणी विचारत नाही, तेव्हा मी माझी गोष्ट सांगते म्हणजे दोघींचीच सांगते असं समजा.

आम्हाला साताऱ्याच्या बाजारात एका शाळकरी मुलीनं विकत घेतलं. तिचं नाव वेणू. आज कामोठ्याची सगळी सोसायटी तिला वेणूबाई म्हणते, पण माझ्यासाठी ती वेणूच. तिनं पहिल्यांदा मफलर विणला तो इतका वाकडा झाला, की शिवणाच्या बाईंनी विचारलं, "हे काय गं, धामण का?" वर्ग हसला. वेणू रडली नाही. तिनं तो रात्रीत उसवला आणि पुन्हा विणला. तेव्हाच मी ओळखलं, ही पोरगी हट्टी आहे आणि आपलं हिच्याशी जमणार.

लग्न होऊन ती कोंडिबाबरोबर नवी मुंबईत आली. कोंडिबा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होता, दिवसभर कांद्याच्या गोणी वाहायचा. इथल्या उकाड्यात स्वेटर घालणार कोण, असं मला वाटलं होतं. पण तान्ह्या बाळाला भर वैशाखातही टोपडं लागतं! चाळीत कुणाकडे बारसं असलं की आमची स्वारी कामाला लागलीच. टोपडी, पायमोजे, झबली... किती विणली, देव जाणे. लहान मुलांचं नाजूक काम दहा नंबरच्या सुयांनीच होतं, ते आठ नंबरच्या जाड्या सुयांना साधत नाही. मी उगाच तोरा मिरवत नाही, जे आहे ते सांगते.

उपद्रवही सोसले बरं का. राजवर्धन, म्हणजे वेणूचा मुलगा, लहानपणी आमच्या दोघींनी ताशा वाजवायचा. कोंडिबाच्या हाताला प्लास्टर होतं तेव्हा त्यानं महिनाभर माझ्यानं आत खाजवलं. शी! पण संध्याकाळी वेणू मला साबणानं धुऊन पुसायची आणि मग मला राग आठवायचाही नाही.

महिन्यातला एक दिवस मात्र आम्हाला हक्काची सुट्टी असे. अमावास्येला. वेणूच्या माहेरी अवसेला औताला बैल जुंपत नाहीत. वेणू तीच रीत आम्हाला लावायची. "अवसंला बैलाला जू न्हाई, सुईला टाका न्हाई," असं म्हणून ती लोकरीची पिशवी उचलून ठेवायची. त्या दिवशी तिची अंघोळ दहाला, चहा तीनदा. मग खिडकीखालच्या गार फरशीवर आडवी व्हायची ती दुपार कलेपर्यंत. कुणी हाक मारली तर म्हणायची, "मी आज घरात न्हाई." मला ती सुट्टी फार आवडायची.

आता जे सांगते ते सांगताना मला जड जातं.

राजवर्धनचं लग्न झालं. मोनाली घरात आली. बेलापूरला ऑफिसात जाणारी, तुरुतुरु बोलणारी. तिला दिवस गेले तेव्हा वेणूला आभाळ ठेंगणं झालं. बाळ जन्मायच्या आधी त्याचे कपडे करू नयेत अशी आपल्याकडे रीत आहे. जन्मल्यावर आधी कुणाचे तरी जुने घालतात, मग नवे. वेणू हे दुसऱ्यांना बजावून सांगायची. पण स्वतःच्या नातवंडाची वेळ आली आणि तिचा हात राहिना. पाचव्या महिन्यातच आमच्यावर अबोली रंगाचे टाके चढले. झबलं, मोजे आणि टोपडं. सातव्या महिन्यात मोनालीला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा वेणूनं ते सगळं पिशवीत भरून दिलं.

मुलगी झाली. पण ती रडली नाही. डोळेही उघडले नाहीत तिनं.

वेणू तेव्हा तापानं फणफणली होती, तिला दवाखान्यात जाता आलं नाही. जे करायचं ते राजवर्धननं आणि चुलत्यांनी उरकलं. चार दिवसांनी मोनाली घरी आली. पिशवीही आली. त्यात झबलं होतं, मोजे होते. टोपडं नव्हतं. शेजारच्या रखमाबाई भेटायला आल्या आणि कुजबुजल्या, "आधी विणायला नको हुतं, वेणूबाई." मोठी शहाणी! त्याच संध्याकाळी मोनाली आतल्या खोलीत आईशी फोनवर बोलत होती. वेणू दाराशी चहा घेऊन उभी. आतून आवाज आला, "आईंनी आधीच विणून ठेवलं होतं, म्हणून..."

वेणू पुढचं ऐकायला थांबली नाही. चहा ओट्यावर ठेवला, आम्हा दोघींना जुन्या नाड्यानं करकचून बांधलं आणि कपाटात सगळ्यात खाली, हिवाळी चादरींच्या मागे सारून दिलं. पोरीनं रागानं टोपडं फेकून दिलं, असं तिच्या मनानं घेतलं. ते तिनं मोनालीला कधी विचारलं नाही.

दोन वर्षं, मित्रांनो. दोन वर्षं आम्ही अंधारात. वेणू विणायची थांबली नव्हती. नेरुळच्या एका दुकानासाठी ती शाली विणायची, पण त्या जाड्या आठ नंबरच्या सुयांवर. लहान मुलाचं काम आलं की सांगायची, "मला दिसत न्हाई आता बारीक." खोटं होतं ते. मी अपशकुनी ठरले होते. माझ्यावर राग काढला असता तरी चाललं असतं, मी धातूची आहे. पण ती स्वतःलाच खात होती. सासू-सुनेत भांडण नव्हतं, आणि बोलणंही नव्हतं. "जेवलीस का?" "हो आई." बस, एवढंच.

यंदा मोनालीला पुन्हा दिवस गेले. आठवा महिना लागला, तरी वेणू तिच्या पोटाकडे बघत नसे. आपली नजर लागेल अशी भीती तिला वाटायची.

एका रविवारी अवस आली. वेणू नेहमीसारखी फरशीवर आडवी होती, घोरत होती म्हटलं तरी चालेल. कोंडिबा बाहेर पेपर वाचत होता. इतक्यात कपाट उघडलं. चादरी बाजूला झाल्या, नाडा सुटला आणि डोळे दिपवणारा उजेड. समोर मोनाली! तिच्या मांडीवर नवी लोकर होती, लिंबाच्या रंगाची, अशी मऊ की मला गुदगुल्या झाल्या. मोबाईलवर व्हिडिओ लावून, जीभ बाहेर काढून ती टाके घालायला लागली.

आनंद झाला मला, नाही कसं म्हणू? पण जीव थरथरला. अगं बाई, आज अवस आहे! आणि तू पोटुशी, आणि हे न जन्मलेल्या बाळाचं! अवसेला सासूबाई आराम करतात एवढंच तिला ठाऊक होतं. त्यामागची रीत तिला कुणी सांगितलीच नव्हती. मी ओरडणार कशी? चव्वेचाळीस टाके घातले तिनं, आणि तीन ओळी. कुठे सैल, कुठे आवळलेल्या.

राजवर्धननं दुपारच्या नाटकाची दोन तिकिटं आणून ठेवली होती. तो स्वतः ड्युटीवर. "आई, चला ना. कॉमेडी आहे, मस्त टाइमपास," मोनाली म्हणाली. वेणू म्हणाली, "अवसंला कुठं बाहिर पडायचं?" कोंडिबानं पेपरातून डोकं काढलं. "जा की. पोरगी कवाधरनं म्हनतीया. सुट्टी हाय न्हवं तुला?" मग वेणू उठली. निघताना मोनालीनं मला, बहिणीला आणि लोकरीला ओढणीत गुंडाळून पर्समध्ये घातलं. घरी हे काढलं असतं तर वेणू हिसकावून घेऊन मोकळी झाली असती. चारचौघांत सासूबाई ओरडणार नाहीत, या सुया का लपवल्या ते मध्यंतरात शांतपणे विचारू, असा तिचा बेत होता.

बेत दारातच फसला. नाट्यगृहाच्या फाटकाशी बायकांच्या पर्सा तपासायला गोजरा नावाची बाई होती. दिवाळे गावची कोळीण, कपाळावर आडवं कुंकू. तिनं ओढणी उलगडली आणि माझी टोपी धरून मला उपसलं.

"यो काय हाय गो बाय? टोकदार काय पन आत न्यायचा नाय. ऑर्डर हाय आमाला."

मी सरकन बाहेर आले आणि चव्वेचाळीस टाके उघडे पडले. मित्रांनो, सुई निघालेले टाके फार असहाय असतात. जरा ओढ बसली की एकेक घसरत खाली जातो.

वेणूनं मला पाहिलं. टोपीवरचा दहाचा आकडा पाहिला, पिवळी लोकर पाहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ह्या कुठनं काढल्यास?"

"आई, ऐका तरी..."

"कवा घातलंस हे?"

"आज. सकाळी."

"आज?" वेणूचा आवाज चिरकला. "अवसंला? दोन जिवांची तू, आनि अवसंला? उसव ते. आत्ताच्या आत्ता उसव!"

मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. मोनालीनं ते विणलेलं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "नाही उसवणार."

"उसव म्हनते ना! एकदा माझ्या हातनं झालं ते बास झालं."

"काय झालं तुमच्या हातून? सांगा ना. दोन वर्षं झाली, कधी बोलला नाहीत तुम्ही."

गोजरा गांगरली. तिनं दोघींना बाजूला घेतलं, आपली प्लास्टिकची खुर्ची मोनालीला दिली. वेणू शेजारी पायरीवर बसली. आत तिसरी घंटा झाली. वेणू मान खाली घालून म्हणाली, "तू तुझ्या आईला म्हनालीस. मी ऐकलंय. मी आधीच विनलं हुतं, म्हनून गेली ती. टोपडं बी फेकलंस. मी काय बोलले का तुला? तुझं बरुबरच हुतं."

मोनालीनं छातीशी धरलेलं विणकाम मांडीवर ठेवलं. मग तिचे डोळे भरले.

"मी असं बोलले नाही, आई. मी म्हटलं, आईंनी आधीच विणून ठेवलं होतं, म्हणून बरं झालं. नाहीतर उघड्या डोक्यानं गेली असती. गार पडली होती हो ती. मी नर्सला सांगितलं, टोपडं घाला तिला. ते घालूनच नेलं तिला. राजनं नाही सांगितलं तुम्हाला?"

राजवर्धननं नव्हतं सांगितलं. पुरुष असल्या गोष्टी सांगत नाहीत, आणि बायकांना वाटतं त्यांनी सांगितलं असेल.

"डॉक्टर म्हणाले नाळेत दोष होता," मोनाली म्हणाली. "तुमचा काय संबंध? ते टोपडं सोडलं तर तिला आपल्याकडून काहीच मिळालं नाही."

वेणू रडली. धामण म्हणून वर्ग हसला तेव्हा न रडलेली माझी वेणू, नाट्यगृहाच्या पायरीवर पदर तोंडात कोंबून रडली. आतून लोकांच्या हसण्याचा आवाज येत होता. नाटक रंगलं असावं.

तेवढ्यात मोनाली दचकली. "आई, टाका सुटला. हे बघा, खाली चाललाय! मला उचलता येत नाही."

वेणूनं पाहिलं. अवस होती. तिनं उभ्या आयुष्यात अवसेला सुई धरली नव्हती. धरली नाही तर आणखी एका बाळाचे टाके तिच्या डोळ्यांदेखत उसवणार होते. तिनं गोजराकडे हात केला. "बाय, दे ती सुई."

गोजरानं मला दिलं. दोन वर्षं तिनं मला हातात घेतलं नव्हतं. पण बोटं विसरली नव्हती. एकेक टाका ती माझ्यावर घेत गेली, तो घसरलेला तीन ओळी खालून अलगद वर आणला. गोजरा वाकून बघत होती. "आमच्याकडं जाल्याचा फासा सुटला का असाच उचलतान," ती म्हणाली.

सगळे टाके चढले. वेणूनं ते दोनदा मोजले. मग मोनालीकडे न बघता तिनं विचारलं, "कसं दिसत हुतं गं तिला?"

मोनालीनं आपल्या कपाळावर बोट टेकवलं. "मोठं होत होतं, आई. भुवयांवर येत होतं."

"व्हय," वेणू म्हणाली. "मी पुऱ्या दिवसांच्या मापानं विनलं हुतं."

त्या दिवशी नाटक पाहायचं राहूनच गेलं. मित्रांनो, पुढं सगळं छान झालं असं मी सांगू शकत नाही, कारण बाळ अजून यायचंय. वेणूची वीण अजून आवळलेली येते, म्हणजे तिची भीती गेलेली नाही. ती रोज दोनच ओळी विणते, आणि मोनाली शेजारी बसून पाहते.

तुमच्या घरात माझ्यासारख्या जुन्या वस्तू असतील. त्या पुसा, जपा, आणि कुणी अपशकुनी म्हटलं म्हणून कपाटात कोंडू नका. आम्हाला कुणाचं वाईट करता येत नाही. आणि आमच्यापेक्षाही तुमच्या घरातल्या माणसांना जपा. कुणाचं बोलणं दारातून अर्धं कानावर पडलं, तर आत जा आणि बाकीचं विचारा. वेणू त्या संध्याकाळी आत गेली असती, तर दोन वर्षं दोघी एकाच मुलीसाठी वेगवेगळ्या खोल्यांत रडल्या नसत्या.